पुढे तोंड असलेला पंखा

लेक हेडविग, मिनेसोटा
१४ जून

प्रिय बर्नी,

शाळेपासूनची मैत्रीण असून नोव्हेंबरनंतर तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही, त्याबद्दल माफ कर. कारण सांगायला बसले की ते मलाच खोटं वाटू लागतं. शाळा होती, नववीच्या वर्गाला चिरायला लागणारी बेडकं होती, बर्फ होतं. पण यातलं काहीच पत्राच्या आड येणारं नव्हतं. खरं बहुधा असं आहे की तू नर्सची नोकरी धरून अलास्काच्या टोकाला निघून गेलीस आणि मी जन्मले तिथेच राहिले, याचा मला राग आला होता. राग तुझा की माझा, हे ठरवता ठरवता हिवाळा सरला.

तुझी लेक टेस सुखरूप पोचली. फ्रिजचं दार उघडं टाकून उभ्या उभ्या दूध पिते. मला नुसतं ‘सिग्नी’ म्हणते आणि काही हवं असलं की ‘सिग्नी मावशी’. हुबेहूब तू.

आर्नीने तिला मरीनावर, बोटींच्या धक्क्यावर, कामाला घेतलंय. मरीना बाबांनी आम्हा दोघा भावंडांच्या नावे केली असली, तरी तुला ठाऊकच आहे, मी उन्हाळ्यात दुकानात उभी राहते आणि बाकी सगळा कारभार तो बघतो. यंदा त्याने सर्फिंगचे वर्ग काढलेत. बोट मोठी लाट उठवत जाते आणि पोरं फळीवर उभी राहून त्या लाटेवर तोल सांभाळतात, बोटीच्या इतक्या जवळ की बोटीतून त्यांच्या हातात सँडविच देता यावं. चालवणाऱ्याखेरीज मागे तोंड करून एकाने पोरांवर नजर ठेवायची असते. ते काम टेसचं. काम संपलं की तिला स्वतःला सर्फ करायला मिळेल.

तुझी अट मी विसरलेले नाही. ड्यूलूथच्या इस्पितळात त्या मुलाचा पाय, म्हणजे पायाचं जे काही उरलं होतं ते, तू पाहिलंस, तेव्हापासून मागे पंखा असलेल्या बोटीच्या मागे टेसने उतरायचं नाही. ऐक तर. या बोटीचा पंखा पुढे तोंड करून आहे. पिछाडीला जो जाड दांडा पाण्यात उतरतो, त्याच्या पुढच्या अंगाला, बोटीच्या पोटाखाली. तो बोटीला मागून ढकलत नाही, पुढे ओढतो. मागे पाण्यात असलेल्या माणसाच्या बाजूला येते ती दांड्याची नुसती गुळगुळीत पाठ.

हे ऐकीव नाही. आर्नी दर रविवारी ती बोट गाडीवर चढवून धक्क्यावर उभी करतो आणि कॉटेजवाल्यांना बोलावतो.

“या, या, हात लावा! बाई, तुम्हीपण. घाबरू नका, अंगठ्या सांभाळा फक्त. काय लागलं हाताला?”

“काहीच नाही.”

“त्याच ‘काहीच नाही’चे पैसे घेतो मी!”

लोक हसतात, पोरांची नावं घालतात. माझा सख्खा भाऊ, पण हे ऐकलं की मला अंघोळ करावीशी वाटते. माल खरा आहे. मग खरा माल विकताना तो एवढा तेलकट का होतो? की हे माझंच नाक उडवणं आहे? कोण जाणे. मीही हात लावला. माझ्याही हाताला काही लागलं नाही. तेव्हा तुला शब्द देते: या बोटीखेरीज दुसऱ्या कुठल्याही बोटीच्या मागे टेस जाणार नाही.

बाकी तळं तसंच. एका दिवसात जन्मून मरणाऱ्या त्या माश्यांचा खच धक्क्यावर पडलाय. फावड्याने ओढावा लागतो, आणि ऊन चढलं की त्याला सडक्या मासळीचा वास सुटतो. पाहुणे नाकाला रुमाल लावून विचारतात, “हे नैसर्गिक आहे का?”

तुझी,
सिग्नी

•

२ जुलै

सिग्नी,

धुक्यामुळे टपालाचं विमान आठवडाभर आलंच नाही. आलं तेव्हा एकाच थैलीतून तुझं पत्र आणि टेसचं कार्ड निघालं. तुझ्या पत्रात माश्या, राग आणि तुझं नाक. टेसच्या कार्डावर चार ओळी. तिसरी ओळ: ‘आर्नीमामाने बोट खडकावर घातली, खालचा भाग मोडला, पण शुक्रवारी परत पाण्यात.’

तुझं पत्र खडकाच्या आधीचं, म्हणून तुला शिव्या देत नाही. पण मग लगेच दुसरं का लिहिलं नाहीस? शाळेत तू वहीच्या समासातही शंका लिहायचीस. आता माझ्या लेकीच्या बाबतीत बरी शंका येत नाही तुला!

नीट सांग. काय मोडलं, काय बसवलं, कुणी बसवलं. आणि तू स्वतः पाहिलंस का? आर्नीने सांगितलं असं लिहू नकोस. आर्नीने माझ्या लग्नात मला सांगितलं होतं की नवरदेव दारू पीत नाही.

इथे सगळं ठीक. सीलच्या तेलाच्या वासाची सवय झाली. माणसांच्या वासाची होईल तेव्हा परत येईन.

बर्नी

•

११ जुलै

प्रिय बर्नी,

तुझं म्हणणं बरोबर आहे, मी लगेच लिहायला हवं होतं. यंदा तळ्याचं पाणी उतरलंय. उत्तरेच्या खाडीत जो खडक नेहमी बुडालेला असतो, त्यावर दांडा आपटला आणि त्याचं खालचं टोक मोडलं. आर्नीने दोनतीन दिवस शेडचं दार लावून काम केलं आणि शुक्रवारी बोट पाण्यात. “भाग कुठून आणलास?” असं मी विचारलं होतं. तो म्हणाला, “मिळाला.” मी पुढे विचारलं नाही. दुकानात गर्दी होती. हे कारण आहे की सबब, याचा विचार मी हे लिहिताना करते आहे.

पाहिलं का, असं तू विचारतेस. पाहिलं नाही. त्यानंतर बोट गाडीवर चढलीच नाही, रविवारचा खेळ बंद आहे. आर्नी म्हणतो, वर्ग भरलेत, आता जाहिरातीला वेळ कोणाला? खरं सांगायचं तर ते तेलकट बोलणं बंद झालं याचा मला आनंदच झाला.

चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा सण पार पडला. पार पडला म्हणजे काय, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि टेस जाळ्या घेऊन बिअरचे डबे, फटाक्यांच्या ओल्या नळ्या, फुगवलेले गुलाबी हंस आणि कुणाची तरी दातांची कवळी पाण्यातून काढत होतो. कवळी दुकानाच्या काउंटरवर ठेवली आहे. अजून कुणी मागायला आलेलं नाही. या लोकांना आपले दातही लागत नाहीत.

एक चांगली गोष्टही सांगते. ब्रँडवॉल्डबाईंची ग्रेटा, बारा वर्षांची, सर्फ करताना पडली. तिची फळी एका वाहत्या ओंडक्यावर आपटून फुटली. आर्नीने तिला चटकन बोटीत घेतलं. ब्रँडवॉल्डबाई दुसऱ्या दिवशी आंबट रुबार्बचा केक घेऊन आल्या आणि आर्नीच्या गळ्यात पडून रडल्या. “तुम्ही होतात म्हणून!” आर्नीचे कान लाल झाले. इतक्या वर्षांत त्याला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला बरं वाटलं. मी केकचे दोन तुकडे खाल्ले. टेसने खाल्ला नाही, पोट दुखतं म्हणाली.

तिचं अलीकडे सर्फिंगमध्येही मन नाही. “मूड नाही” म्हणते. त्या अपघाताने घाबरली असावी. वय असतं एकेक.

बोट नीट चालते आहे, निदान मला तरी नीट दिसते. धक्क्याला उभी असताना गिअर टाकला की बोटीत चढायला मागे जी फळी आहे तिच्या कडेलाच फेस उसळतो, पूर्वी तो इतका जवळ दिसत नसे. पाणी कमी झाल्यामुळे असेल. तू काळजी करू नकोस.

तुझी,
सिग्नी

•

२२ जुलै

प्रिय बर्नी,

परवा दवाखान्याच्या फोनवर तू एवढंच विचारलंस, “फेस कुठे उसळतो?” मी म्हणाले, “फळीच्या कडेला.” तू म्हणालीस, “मूर्ख बाई, पाण्यात उतर,” आणि फोन ठेवलास. फोनवर मला पुढचं सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, धक्क्यावर कुणी यायच्या आत, मी पोहण्याचा चष्मा लावून उतरले. पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग होता आणि बदकांची घाण तरंगत होती. तोंड मिटून बोटीच्या मागे गेले. जिथे दांड्याची गुळगुळीत पाठ असायला हवी, तिथे हात नेला. हाताला पातं लागलं.

मी हात काढला नाही. पुन्हा चाचपून पाहिलं, कारण मी अशीच आहे. एकदा लागलेलं मला पुरत नाही. पंखा मागे होता. बरोबर तिथे, जिथे मुलं पाण्यात पाय सोडून दोराची वाट बघत बसतात.

आर्नी दुकानामागे जळवा भरत होता. आमिषाला विकतात त्या. बादलीत हात घालून मूठभर काढायच्या, डब्यात सोडायच्या, झाकण लावायचं.

“आर्नी, बोटीचा पंखा मागे आहे.”

“हं.”

“हं काय?”

“अगं, तो पुढचा दांडा ऑगस्टशिवाय मिळत नाही. आपला सीझन केवढा? शिंक आली की संपला. पोरांची नावं घातलीत. त्यांच्या आयांना काय सांगू, घरी बसवा?”

“हो.”

“तुझं बरं आहे. तू मास्तरीण. तुला बर्फातही पगार.”

“हा दांडा कुणाचा आहे?”

“लिंडक्विस्टचा. त्याची बोट शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलीये. बोटी एकाच जातीच्या, बोल्टाला बोल्ट लागतो. म्हातारा नर्सिंग होममध्ये, त्याला घास भरवावा लागतो. तो काय बोट मागायला येतोय?”

एक जळू त्याच्या मनगटाला चिकटली होती. बोलता बोलता त्याने ती नखाने सोडवली आणि डब्यात टाकली.

“आणि मी काही डोळे झाकून केलेलं नाही हं,” तो म्हणाला. “दोर वाढवला की!”

दोर वाढवला. बर्नी, ही त्याची पापभीरुता. एकदा उभं राहिलं की पोरं दोर सोडून देतात आणि लाटेच्या जोरावर बोटीच्या अगदी मागे येतात. हे त्याला माझ्याहून जास्त माहीत आहे, शिकवतो तोच. तरीही त्याने दोर वाढवला आणि त्याला शांत झोप लागली.

मी त्याच्या खिशातून बोटीची चावी काढून घेतली. सख्ख्या भावाच्या खिशात हात घालायची वेळ आली, आणि त्याने तो घालू दिला, कारण त्याचे दोन्ही हात जळवांनी भरले होते.

मग टेस. दुपारी कचऱ्याच्या मोठ्या पेटीत मी टोपलं रिकामं करायला गेले. माशांची आतडी, बाळांचे लंगोट, खरबुजाच्या साली, वर घोंघावणाऱ्या माश्या, आणि त्यात एक निळी सर्फची फळी. तिचं शेपूट ओरबाडून गेलं होतं. तिरप्या, सारख्या अंतरावरच्या खाचा. मी जीवशास्त्र शिकवते. ओंडका असा चावत नाही, एवढं मला कळतं. मी टेसला हाक मारली.

“ग्रेटाची ना ही?”

तिने फळी उलटी केली. मग म्हणाली, “तुला माहीतच होतं ना?”

“मला काय माहीत असणार?”

“दांडा बदलताना बोल्ट आवळायचे पाने मी धरले होते, मावशी. मला वाटलं, तुला सांगूनच केलं असेल. अर्धी मरीना तुझी ना?”

मग तिने सांगितलं. पंखा पुढे होता तेव्हा आर्नीला एक सवय लागली होती: पोरगं पडलं की बोट वळवून न नेता सरळ उलट्या गिअरमध्ये मागे घ्यायची, बस थांब्याला लावावी तशी, आणि इंजिन चालू असतानाच त्याला बोटीच्या मागच्या फळीवर ओढायचं. तसं तेव्हाही करायचं नसतं, पण कुणाला काही झालं नाही, म्हणून ती रीत पडून गेली. ग्रेटा पडली त्या दिवशी तो कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट सांगत होता. गोष्ट सांगता सांगता त्याच्या हाताने बोट मागे घेतली. उलट्या फिरणाऱ्या पंख्याने पाणी ओढलं, पाण्याने ग्रेटाची सर्फची फळी ओढली. टेस बोटीच्या मागच्या कडेवर पालथी पडली आणि तिने ग्रेटाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा धरून तिला वर खेचलं. फळी खाली गेली. “आवाज झाला ना मावशी, मिक्सरमध्ये चमचा पडल्यावर होतो तसा.” तेव्हा कुठे आर्नीने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“मग?”

“मग तो ग्रेटाला म्हणाला, ‘बघ केवढा ओंडका होता!’ ग्रेटाने मान हलवली.”

“आणि तू?”

“मीपण हलवली.”

म्हणजे केक टेसचा होता. तो आर्नीने घेतला, आणि मी त्याचे दोन तुकडे खाल्ले. तुला दिलेला शब्द मोडून तीन आठवडे झाले होते आणि मी तुला ‘काळजी करू नकोस’ असं लिहीत होते. मी बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मला काहीतरी करावं लागलं असतं. हे मी आता समजून लिहिते आहे की तुझ्याकडून एखादा बरा शब्द मिळावा म्हणून, ते मला सांगता येत नाही. तू काय म्हणशील ते मी ऐकेन.

बोट बांधून ठेवली आहे. आर्नी लोकांना सांगतो, “इंजिनाची सर्व्हिसिंग चालू आहे.” ब्रँडवॉल्डबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. मी उद्याच सांगणार होते, पण टेसचं नाव त्यात येतं, म्हणून आधी तुला विचारते.

सिग्नी

•

३० जुलै

सिग्नी,

तुझं पत्र वाचून मी दवाखान्याच्या मागे गेले आणि एक रिकामं पिंप लाथांनी चेपलं. इथली आजीबाई बघत होती. म्हणाली, “पुढचं पिंप उद्या येईल.”

आता माझं ऐक, आणि लगेच डायरी उघडून शंका लिहायला बसू नकोस. टेस धड आहे. ती पोरगी, ग्रेटा, धड आहे. बोट बांधलेली आहे, चावी तुझ्याकडे आहे. झालं. गप्प बस.

तू त्या बाईला सांगितलंस की ती पोलिसात जाईल. मग विचारतील, बोटीवर राखणीला कोण होतं? टेस. मागचा पंखा तिला माहीत होता का? हो. दांडा बसवायला मदत केली का? हो. नंतर ओंडक्याला मान हलवली का? हो. सोळा वर्षांची माझी पोर त्या खोलीत बसून हो, हो म्हणत राहील आणि आर्नी वकील करून घरी जाईल. मी अशा खोल्या पाहिल्यात. इस्पितळातून आम्हालाही जबानीला बोलावतात.

माणसांनी किती घाण करायची याला अंत नाही, हे मला तुझ्याकडून शिकायचं नाही. मी ती रोज धुते. पण धुताना एक कळतं: जी जखम झालीच नाही, ती उघडून बघायची नसते.

दुसऱ्यांच्या आयांनी आपापलं बघावं. मी माझं बघते.

टेसला हे पत्र दाखवू नकोस.

बर्नी

•

९ ऑगस्ट

प्रिय बर्नी,

तुझं पत्र आलं तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं सभ्य दिसेल. मला सुटल्यासारखं वाटलं. मी ते घडी करून ठेवलं, मक्याची कणसं उकडली, लोणी लावून खाल्ली आणि अंगणात बसून राहिले. संध्याकाळ छान होती. एवढी छान संध्याकाळ मला महिनाभरात मिळाली नव्हती. नंतर भांडी घासताना लक्षात आलं की मी मनातल्या मनात तुझे आभार मानते आहे, आणि मला स्वतःची शिसारी आली. तुझी नाही. तू आई आहेस आणि दूर आहेस. माझ्याकडे त्यातलं कुठलंच कारण नाही.

गुरुवारी नवा दांडा आला. पुढे तोंड असलेला, खरा, खोक्यातला. त्याच दिवशी आर्नीने तो बसवला आणि लिंडक्विस्टचा दांडा पुसूनपासून त्याच्या बोटीला परत लावला. मला शेडमध्ये बोलावून टॉर्च मारून दाखवलं. सगळं चकाचक.

“झालं ना आता? पंखा पुढे. बघ, हात लाव.”

मी हात लावला नाही.

“चावी दे.”

“ग्रेटाच्या आईला सांग. मग देते.”

“काय सांगू? आता सांगायला उरलंय काय? गेलेल्या जुलैवर खटला भरणारेस?”

“तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन.”

“सांग की. सगळ्या तळ्याला सांग, आपली, टॉलेफसनांची, मरीना पोरं कापते. बाबांनी तीस वर्षं इथे कुणाला ओरखडा येऊ दिला नाही, ते तू एका दिवसात बुडव. आणि एक सांगू, सिग्नी? एकही पोर कापलं गेलं नाही.”

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागाच राहिली नव्हती. पंखा पुढे आहे. दांडा म्हाताऱ्याला परत मिळाला आहे, तेही तेलपाणी करून. फळी कचऱ्याच्या गाडीत गेली. कुणालाही काहीही झालेलं नाही. हे असं आपसूक स्वच्छ होत जाणंच मला सहन होत नव्हतं. माश्यांचा खच निदान वास तरी सोडतो.

मी चावी दिली. हेही लिहिते. नवा दांडा खरा होता, मी ती अडवून ठेवायला कारण नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. वर्ग सोमवारपासून पुन्हा सुरू झाले.

आज दुपारी किराणा दुकानात ब्रँडवॉल्डबाई भेटल्या. टोमॅटो निवडत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “अगं, धाकटीचंही नाव घातलं पुढच्या उन्हाळ्यासाठी! नऊची होईल तेव्हा. तिचे बाबा नको म्हणत होते, ओंडक्याचं ऐकल्यापासून घाबरलेत. मी म्हटलं, आर्नी आहे ना बोटीवर!”

मी म्हणाले, “हो.”

बर्नी, मी ‘हो’ म्हणाले. दुसरं काही नाही. त्यांनी मला एक चांगला टोमॅटो निवडून दिला.

घरी येऊन तो टेबलावर ठेवला आणि टेसला तुझं पत्र दिलं. दाखवू नकोस असं तू बजावलं होतंस, तरी दिलं. तू रागावशील, आणि तुझा हक्क आहे. पण तुझ्या पत्रात सगळे प्रश्न तिला विचारले जाणार होते, आणि तिला मात्र कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता. मीही नाही.

तिने उभ्या उभ्याच वाचलं. मग दुसऱ्यांदा, बसून.

“आई घाबरलीये,” ती म्हणाली.

“तुला काय वाटतं?”

“मला पोलिसांची भीती वाटते. खोटं नाही सांगत.” थोडा वेळ ती टोमॅटो फिरवत बसली. “ग्रेटा रोज येते ना धक्क्यावर. नव्या पोरांना ओंडक्याची गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी ओंडका एवढा होता. आता तो बोटीएवढा झालाय. काळा, अंगावर शेवाळ, आणि म्हणे तो तिच्या मागे लागला होता. मला म्हणते, ‘टेस, तू पाहिलास ना? सांग ना यांना.’”

“मग तू काय म्हणतेस?”

“मी सांगते, हो, केवढा होता.” ती माझ्याकडे वळली. “मावशी, तिला रात्री ओंडक्याची स्वप्नं पडतात. नसलेल्या ओंडक्याची! पुढल्या वर्षी धाकटीला पण तेच सांगेल ती. ‘ओंडक्याला जप.’ आणि त्या दोघी ओंडका बघत बसतील.”

वर्गात जे मी कधी कुणाला शिकवू शकले नाही, ते तिने टोमॅटो हातात धरून सांगितलं: मुलांना नको तिकडे बघायला शिकवलं आहे आम्ही.

“तू सांग,” ती म्हणाली. “आणि मी होते हेही सांग. पाने मी धरले होते, तेपण. फक्त मी खेचलं होतं तिला, हे शेवटी सांग. आधी सांगितलंस तर त्या मलाच केक देतील.”

तेव्हा मी सांगणार आहे. पोलिसात जायचं की नाही ते ब्रँडवॉल्डबाई ठरवतील. त्या गेल्या, तर मी टेसच्या शेजारच्या खुर्चीत बसेन आणि मरीनाची अर्धी मालकीण म्हणून जे प्रश्न मला विचारायला हवेत, ते आधी मला विचारा म्हणून सांगेन. आर्नी माझ्याशी बोलणं टाकेल. कदाचित तूही टाकशील. मरीना जाईल की राहील, मला माहीत नाही. मी हे धैर्याने करते आहे असं समजू नकोस. त्या ‘हो’ची चव तोंडातून जात नाही, म्हणून करते आहे. माझी कारणं शुद्ध व्हायची वाट पाहिली तर ती धाकटी पोर मोठी होऊन जाईल.

तू रागावून का होईना, पण लिही. टेसने खाली सही केली आहे, तिची इच्छा होती म्हणून.

तुझी,
सिग्नी
(आणि टेस)

हे खालचं तुझ्यासाठी नाही. डायरी वरच्या खोलीत राहिली आहे, आणि ती आणायला उठले तर मी पुन्हा विचार करत बसेन.

उद्या: ब्रँडवॉल्डबाई कामावर निघायच्या आत त्यांचं दार वाजवायचं.